कपाटाचं कुलूप काढा, पहिलीची खोली लेकराच्या उंचीनं लावा : मराठवाड्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा परिषद शाळांच्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सगळे सदस्य आणि गावोगावचे सरपंच,

दादांनो, तायांनो, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. चौथीपर्यंत शाळा, खोल्या दोन, शिक्षक दोन, म्हणजे दोन वर्ग माझ्याकडं अन् दोन सरांकडं. अशा शाळा मराठवाड्यात तांड्या-वस्तीपासून मोठ्या गावापर्यंत आहेत आणि तुमचीच लेकरं तिथं बसायलेत, त्यामुळं वेगळं काही सांगायची गरज नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की समितीची मीटिंग होईल, त्यात रंग, गेट, कंपाउंड, टीव्ही, पाण्याची टाकी यावर बोलणं होईल, ते व्हायलाच पाहिजे. माझी विनंती एवढीच आहे की त्या दिवशी अर्धा तास आधी या आणि पहिली-दुसरीच्या खोलीत खाली बसून बघा. खुर्चीवर नाही, खाली बस्करपट्टीवर, लेकरू बसतं तिथं.

मी तसं बसून बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी खोली मोठ्या माणसासाठी लावलेली आहे. सहा वर्षांचं लेकरू मांडी घालून बसलं की त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर येतात, मी टेपनं मोजलं. आणि आपले तक्ते कुठं असतात? फळ्याच्याही वर, सहा-सात फुटांवर, तिथं खिळे आधीपासून असतात म्हणून. सुविचार त्याच्याही वर. आणि खालचा तीन-चार फुटांचा भाग, लेकराच्या अगदी डोळ्यासमोरचा, तो आपण मळू नये म्हणून गडद तपकिरी ऑइल पेंटनं रंगवून मोकळा सोडतो. म्हणजे भिंतीचा जो तुकडा लेकरू दिवसभर बघतं त्याच्यावर वाचायला एक अक्षर नाही. हे कुणी मुद्दाम केलं नाही, पण झालंय तसं, आणि बहुतेक गावांत तसंच सापडंल तुम्हाला.

आता कपाटाचं सांगते. बहुतेक शाळांत एक लोखंडी कपाट असतं, त्याच्यात गोष्टीची पुस्तकं असतात, रंगीत, चांगली, काहींवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. कपाटाला कुलूप असतं. मी ज्या शाळेत आधी होते तिथं चावी ऑफिसच्या टेबलाच्या खणात आणि त्या खणाला पुन्हा कुलूप. मी मागितली तर उत्तर आलं की बाई, एक जरी हरवलं तर ऑडिटला काय दाखवायचं. मला तेव्हा राग आला होता पण नंतर विचार केला तर त्या माणसाचंही खरं होतं, पुस्तक डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलं की ते टेबल-खुर्चीसारखी वस्तू होतं, आणि वस्तू हरवली की भरपाई कोण देणार ही भीती प्रत्येक मुख्याध्यापकाला असते. पण पुस्तक म्हणजे खुर्ची नाही ना. पहिलीच्या लेकरानं वाचलेलं पुस्तक फाटणारच, कोपरे दुमडणारच, खिचडीचा हात लागणारच. सहा वर्षं कोरं राहिलेलं पुस्तक सापडलं तर त्याची चौकशी व्हायला पाहिजे, फाटलेल्याची नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलंय. त्याच कायद्यानं तुमची समिती झाली, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम तुमच्याकडं दिलं. म्हणजे हे मी मेहरबानी म्हणून मागत नाहीये. आणि ज्या ताया मीटिंगला येतात, सही करतात आणि मागं बसून राहतात त्यांना तर मला खास सांगायचंय, की ही खोली तुमच्या लेकराची आहे आणि लेकरू किती उंच आहे, कुठं बसतं, कशाला घाबरतं हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही, तुम्ही बोला.

आता मूळ मुद्द्यावर येते. द्विशिक्षकी शाळेत लेकराचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहीतंय का? वाट बघण्यात. मी दुसरीला वजाबाकी शिकवत असते तेव्हा पहिली वाट बघते, मी पहिलीला अक्षर गिरवून घेते तेव्हा दुसरी वाट बघते. गप बसावं म्हणून आपण सांगतो, पाढे लिहा, पान उतरून काढा. लेकरू उतरून काढतं, चित्र काढल्यासारखं अक्षर काढतं, अर्थ कळत नाही, वाचता येत नाही. रोजचा जवळपास अर्धा वेळ असा जातो. वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. शिक्षक वाढून मिळाले तर पाहिजेच आहेत, ती मागणी आपण सोडायची नाही, पण ते येईपर्यंत ही वाट बघण्याची वेळ वाचनाची वेळ करता येते, आणि ते काम खोलीच्या मांडणीनं होतं. त्यालाच आम्ही कोपरे म्हणतो. वाचन कोपरा, लिहायचा कोपरा, ऐकायचा कोपरा, अक्षर-शब्दांच्या खेळाचा कोपरा, आणि पाचवी जागा म्हणजे माझ्यापुढची सतरंजी.

हे परदेशातलं फॅड आहे असं म्हणणारे भेटतात. तसं नाही हो. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ ला कोकणातल्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, गरिबाच्या लेकराला हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवायचं हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलंय. २०१५ ला राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हा आपल्याकडंही तळफळे, म्हणजे भिंतीच्या तळाशी लेकराच्या हाताला येणारे फळे, झाले, फरशीवर बाराखडी रंगली, मी स्वतः ब्रश हातात घेतला होता. त्यातले तळफळे फार कामाचे, लेकरू उठून जाऊन लिहितं. फरशीचं मात्र माझं मत असं झालंय की लेकरं तिच्यावरच बसतात त्यामुळं दिसत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत रंग निघून जातो. त्यापेक्षा तो पैसा दोन फुटांवरच्या भिंतीला लावा.

कोपरे कसे चालतात ते सांगते. माझ्या खोलीत तेवीस लेकरं. पाच-सहा जणांचे चार गट, पहिली-दुसरी मिसळून, कुणाला किती वाचता येतं त्यावर. एक गट माझ्यापुढं बसतो आणि तीन गट कोपऱ्यांत. पंधरा-वीस मिनिटांनी मी थाळी वाजवते आणि गट पुढं सरकतात. माझ्यापुढच्या पाच लेकरांचं मी एकेकाचं वाचन ऐकते, कुठं अडकतंय ते कळतं. तेवीस जणांना एकदम फळ्यावरून शिकवताना हे कधीच कळत नव्हतं, सगळे एका सुरात म्हणायचे आणि मला वाटायचं सगळ्यांना येतंय. पहिले पंधरा-वीस दिवस नुसता गोंधळ झाला हेही सांगते, गट हलताना पळापळी, भांडणं, पेन्सिली हरवल्या, शेजारच्या खोलीतून सर दोनदा बघून गेले. मग मी आठ दिवस काही न शिकवता फक्त कोपऱ्यात कसं जायचं, पुस्तक कसं काढायचं, कसं परत ठेवायचं, बाई बसलेल्या असताना अडलं तर आधी गटातल्या कुणाला विचारायचं एवढंच घेतलं. ते आठ दिवस वाया गेले असं कुणाला वाटंल, पण त्याच्यावरच पुढचं वर्ष उभं राहिलं.

वाचन कोपऱ्यात मी पुस्तकं उभी, तोंड पुढं करून ठेवलीत. ओळीत घातलेल्या पुस्तकाचा नुसता कणा दिसतो आणि ज्याला अजून वाचता येत नाही त्याला कण्यावरून काय कळणार, त्याला वाघ दिसला पाहिजे, बस दिसली पाहिजे. नायलॉनची दोरी दोन फुटांवर बांधली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लावली. मोसंबीचे रिकामे क्रेट आडवे ठेवून त्याचं कपाट केलं. खाली बसायला एका आजीनं वाकळ शिवून दिली, जुन्या लुगड्यांची, आणि लेकरं त्या वाकळीवर चप्पल घालून कधीच जात नाहीत, मी न सांगता. एका वेळी वीस-पंचवीसच पुस्तकं बाहेर ठेवते, पंधरा दिवसांनी बदलते, सगळी एकदम काढली तर लेकरू नुसतं चाळत बसतं.

ऐकायच्या कोपऱ्यात जुना मोबाइल आणि छोटा स्पीकर आहे. गावातल्या आज्यांकडून गोष्टी आणि जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आणि त्यातल्या चार-चार ओळी मोठ्या अक्षरात कापडावर लिहून भिंतीला लावल्या. लेकरू ऐकतं आणि ओळीवर बोट फिरवतं. कापड कामून तर कागद उन्हात पिवळा पडतो, पावसाळ्यात ओलीनं गळून पडतो, कापड टिकतं, धुताही येतं. आपल्या अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात लांबच लांब कापडावर ग्रंथच लिहिला, पासोडी म्हणतात तिला, आजही जपून ठेवलेली आहे. तेव्हा कापडावर लिहिणं ही आपल्याच भागातली गोष्ट आहे.

आणि सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे पाइपाचा फोन. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना एकेक एल्बो, म्हणजे काटकोनातला जोड, झालं. एक टोक कानाला, एक तोंडाशी. लेकरू अगदी हळू वाचलं तरी स्वतःचा आवाज त्याला मोठा ऐकू येतो, चूक स्वतःच पकडतं, आणि खोलीतला गलका निम्म्यानं कमी होतो कारण ओरडायची गरजच उरत नाही. ठिबकचं, बोअरचं काम करणारा माणूस प्रत्येक गावात आहे, त्याच्याकडं उरलेले तुकडे असतात, कडा तेवढ्या घासून द्यायला सांगा. माझ्या वर्गातला एक पोरगा, वर्षभर माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं त्यानं, तो पाइपात पहिल्यांदा वाचला. मी पाठमोरी होते म्हणून तो वाचला असंही असंल. पण वाचला.

आता कुणी म्हणंल की आम्ही तर फळ्यावर बाराखडी पाठ करून शिकलो, आम्हाला कुठं कोपरे होते. खरंय. पण त्या वेळी तुमच्या वर्गातली किती जणं चौथीनंतर शाळा सोडून गेली तेही आठवा. आणि मराठी वाचणं किती मोठं काम आहे हे आपण मोठी माणसं विसरून गेलोत. चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बारा रूपं, तर ४०८ रूपं फक्त बाराखडीची झाली. त्याच्यावर जोडाक्षरं. एकटा र घ्या, कर्म मध्ये डोक्यावर, क्रम मध्ये पोटात, ट्रक मध्ये पायाशी, सुऱ्या मध्ये पुन्हा वेगळाच. हे सगळं एका वर्षात नुसतं घोकून डोक्यात बसत नाही, ते रोज थोडं थोडं, वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या गोष्टींत डोळ्याखालून जावं लागतं. पहिलीत अक्षरं झाली, दुसरीत नुसतं वाचन, असं होत नाही, जोडाक्षरांचं काम तिसरी-चौथीपर्यंत चालूच राहतं.

आणि आपल्याकडं अजून एक गोष्ट आहे. माझ्या वर्गात तांड्यावरची लेकरं आहेत, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. काही घरांत दखनी उर्दू. नांदेडकडं देगलूर-किनवटला गेलात तर तेलुगू. या लेकरांना पुस्तकातली मराठी आधी कानानं ओळखीची व्हावी लागते, मग डोळ्यानं. म्हणून भिंतीचा एक भाग मी शब्दांसाठी ठेवलाय, शब्दभिंत म्हणते मी त्याला, तिच्यावर मी एका वस्तूचं चित्र, खाली मराठी शब्द आणि त्याच्याखाली तांड्यावरचा शब्द देवनागरीत लिहिते. तो शब्द मला लेकरंच सांगतात आणि त्या दिवशी ती लेकरं बाईला शिकवणारी असतात, चेहरे बघण्यासारखे असतात.

ऊसतोडीचं तुम्हाला वेगळं काय सांगू. दिवाळीच्या मागंपुढं कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघाले की माझ्या हजेरीतली लेकरं जायला लागतात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबाकडं, आणि काही मायबापासोबत फडावर जातातच. गुढीपाडव्याला परत येतात तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. फळ्यावर शिकवायच्या पद्धतीत त्या लेकराला जागाच नाही, ते मागं बसतं आणि गप होतं. कोपऱ्यांत मात्र ते जिथं सोडून गेलं होतं तिथून सुरू करता येतं, कारण गट इयत्तेवर नाहीत. गेल्या पाडव्याला एक पोरगी परत आली, दुसरीतली, अक्षरं निम्मी विसरलेली. ती वाकळीवर बसून लहान भावाला चित्रं बघून गोष्ट सांगायची, मनानंच, एकही शब्द न वाचता. मी अडवलं नाही. दीड महिन्यात परीक्षा आली, तोपर्यंत तिला छोटे शब्द यायला लागले होते, परिच्छेद नव्हता येत. सगळी लेकरं तीन महिन्यांत धाडधाड वाचायला लागली असं मी लिहिणार नाही, तसं होत नाही. पण ती पोरगी पुन्हा मागच्या भिंतीला जाऊन बसली नाही.

जाणाऱ्या लेकरांसोबत मी आता कापडी पिशवी देते, तीन-चार पुस्तकं आणि एक पाइपाचा फोन. आठ पिशव्या गेल्या होत्या, सहा परत आल्या. दोन आल्या नाहीत तर त्याचं मला वाईट वाटलं नाही. इथंच मला तुमचा ठराव पाहिजे आहे, त्याचं खाली लिहिते.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं मार्चपासून शाळा सकाळची होते तरी पत्र्याच्या खोलीत दहा वाजता बसवत नाही. वाचन कोपरा कधीच पत्रे तापणाऱ्या बाजूला किंवा पश्चिमेच्या भिंतीला करू नका. खिडकीजवळ करा पण असा की उजेड डाव्या-उजव्या बाजूनं पानावर पडंल, डोळ्यावर नाही. बाहेर कडुलिंबाचं झाड असंल तर त्याच्याखाली पार बांधा आणि वाचन कोपरा उन्हाळ्यात तिथं न्या. ग्रामपंचायतीला पार बांधणं अवघड नाही, देवळापुढं आपण बांधतोच.

पैशाचं म्हणाल तर फार नाही लागत. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे, तीसच्या वर शंभरपर्यंत २५,०००. ते लाइट बिल, खडू, दुरुस्तीत संपतं हे मला मान्य आहे, वेळेवर येत नाही हेही मान्य. पण माझी सगळी खोली वाकळ, क्रेट, दोरी, पाइप, कापड धरून दोन हजारांच्या आत लागली, त्यातलं निम्मं गावानं वस्तूरूपानं दिलं. पुस्तकं कमी असतील तर बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, १९७१ पासूनचे. ते मोठ्या लेकरांना जास्त जमतात पण त्यातल्या कविता मी पहिलीला मोठ्यानं वाचून दाखवते. स्टोरीवीव्हर नावाची साइट आहे, तिथं मराठीत पायरीपायरीनं अवघड होत जाणारी चित्रांची पुस्तकं फुकट मिळतात आणि छापायला परवानगी आहे, तालुक्याला रंगीत प्रिंट काढून स्टेपल केलं की पुस्तक तयार. टीव्ही घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण टीव्ही आधी आणि पुस्तकाचं कपाट बंदच, असं पहिली-दुसरीत तरी नको.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे असं त्याचं ध्येय आहे. त्याचे फलक आपल्या शाळांच्या भिंतींवर आहेत. वर्ष आलेलं आहे.

म्हणून मी ठरावच लिहून देते, तुम्हाला तुमच्या गावाप्रमाणं बदलता येईल, पण या मीटिंगला घ्या, पुढच्या मीटिंगवर ढकलू नका:

"शाळेतील गोष्टीची सर्व पुस्तके कपाटातून काढून पहिली-दुसरीच्या खोलीत मुलांच्या हाताला येतील अशी मांडण्यात यावीत. वापरामुळे फाटलेल्या अथवा स्थलांतरित मुलांसोबत गेलेल्या व परत न आलेल्या पुस्तकांची नोंद समितीने दर सहा महिन्यांनी घ्यावी, त्यांच्या निर्लेखनास (नोंदवहीतून कमी करण्यास) समितीची संमती आहे व पुढील मंजुरीसाठी समिती स्वतः पाठपुरावा करील. त्याची भरपाई मुख्याध्यापक अथवा शिक्षकांकडून घेण्यात येऊ नये. खोलीच्या भिंतीचा जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा भाग मुलांच्या वाचनासाठी व लेखनासाठी राखून ठेवण्यात यावा."

सूचक म्हणून एखाद्या आईचं नाव घाला. आणि मीटिंगला येताना घरात जुनं लुगडं, रिकामं क्रेट, पाइपाचा तुकडा जे असंल ते घेऊन या.

तुमची,
पहिली-दुसरीच्या बाई